फ्रिजचं बघणं

कुरुळीच्या आमच्या चाळीत नवी सून आली तरी तिला कुणी एवढं निरखून बघत नसे, जेवढं नव्या फ्रिजला बघत. विजेवर चालणारी कुठलीही मोठी वस्तू आली की ती आधी अंगणात, मालकिणीच्या पायरीसमोर उभी करायची, असा नियम होता. मालकिणीला सगळे आक्का म्हणत. आक्का आतून चष्मा मागवायच्या, पदरानं पुसायच्या आणि त्या वस्तूच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावरचे लाल तारे बोटानं मोजायच्या. स्टार म्हणत नसत, चांदण्या म्हणत. पाच भरल्या तर मान हलवायची. कमी भरल्या तर पायरीवरूनच टेम्पोवाल्याला हुकूम जायचा, "फिरीव रं माघारी."

चाळीत याला बघणं म्हणत. कुणाच्या दारात टेम्पो थांबला की पोरं ओरडत पळायची, "बघणं हाय, बघणं हाय," आणि बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या.

नियम उगाच नव्हता. सगळ्या खोल्यांना मिळून एकच मीटर होता आणि बिल सगळ्यांत सारखं वाटलं जायचं. कुणीतरी एकदा जुनापाना कूलर आणला होता, त्या महिन्यात बिल फुगलं आणि चाळीत मारामारी झाली. तेव्हापासून आक्कांनी हे मोजणं सुरू केलं. प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या प्लगवर असायचा. बाजारात जाणारा माणूसही स्वतःला काय लागतं ते बघत नसे. आक्का काय म्हणतील आणि चाळ काय म्हणेल, तेवढंच डोक्यात घेऊन जायचा.

आम्ही गोंदियाकडचे. आठवीत माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि हे, म्हणजे माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर ठेकेदाराकडून लागले म्हणून इकडं आलो. यांना लहानपणापासून साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते. खोली शोधताना मी हे आधीच सांगून टाकायची, कारण नंतर कळलं तर सामान बाहेर फेकतील अशी मला धास्ती. ऐकलं की मालक लोक दार अर्धं लोटूनच बोलायचे. "आजारी माणूस नको, उद्या काय झालं तर आम्ही निस्तरायचं का?" एकट्या आक्कांनीच विचारलं, "सुई टोचतो न्हवं? चोरी तर करत न्हाई? मग ऱ्हावा." तो उपकार मी विसरलेली नाही. पुढं जे झालं ते झालं, तरी तो उपकार तिथंच आहे.

इन्सुलिनच्या बाटल्या आम्हाला पिंपरीच्या सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला मिळायच्या. त्या गार ठेवाव्या लागतात. थंडीच्या दिवसांत मी मडक्यात ओली वाळू भरून त्यात बाटल्यांची डबी खुपसून ठेवायची. पण आमच्या खोलीवर पत्रा. उन्हाळा लागला की मडकंसुद्धा हाताला कोमट लागायचं. डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हे औषध राहिलं नाही, नुसतं पाणी झालंय. फ्रिज घ्या. नाहीतर एक दिवस हे मशीनवरच पडतील."

हीच तर भीती. यांच्या लाइनवर एकाला फिट आली होती. दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला तर त्याचं कार्ड चालेना. ठेकेदार म्हणाला, "प्रेसवर धडधाकट माणूस पाहिजे. हात गेला तर सगळे मलाच विचारणार ना?" तेव्हापासून यांना नुसता घाम आला तरी मी कपाळाला हात लावून बघायची. यांचं काम टिकवायचं म्हणजे ती बाटली गार ठेवायची, एवढंच मला कळत होतं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मोशीला एका मोठ्या दुकानात गेलो. आत एवढा गारवा होता की मला वाटलं, डबी इथंच ठेवून जावी. विकणारा पोरगेला होता पण बोलायला नीट. आमची माणसं किती, खोली केवढी, विचारलं आणि सरळ एका छोट्या फ्रिजपाशी घेऊन गेला.

"दोनच माणसं आणि औषध ठेवायचंय ना ताई? हा घ्या. याच्यापेक्षा मोठा तुम्हाला लागणारच नाही."

मी वाकून कागद बघितला. "याला दोनच आहेत जी."

"दोन स्टार आहे. मग?"

"आमच्या आक्का नाही म्हणतील."

"आक्का म्हणजे सासूबाई?"

"घरमालकीण."

तो हसला. "फ्रिज तुम्ही वापरणार का आक्का?" मग आमची तोंडं बघून हसायचा थांबला. गुडघ्यावर बसून त्यानं ताऱ्यांच्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे वाचा. वर्षाला किती युनिट जळणार ते इथं लिहिलेलं असतं. आता त्या पलीकडच्या पाच स्टारवाल्याचा आकडा वाचा. जवळजवळ तेवढाच आहे ना? तो मोठा आहे, मोठ्यांच्यात त्याचा नंबर पहिला. हा लहान आहे, लहानांच्यात मागे. पैलवानाची कुस्ती पैलवानाशी लावतात, पोराची पोराशी. स्टार असे देतात. बिल यायचं ते आकड्यावर."

मला पटलं. यांनाही पटलं. पण पटून काय करणार? आक्कांच्या पायरीसमोर हे पैलवान आणि पोर कोण सांगणार? लहानात पाच स्टारवाला आहे का विचारलं, तर त्यांच्याकडं नव्हता. यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं.

"मोठाच द्या," मी म्हटलं.

शेजारी एक सोसायटीतलं जोडपं केव्हापासून ताटकळलं होतं. बाईंना रंग आवडलेला तीन स्टारवाला हवा होता. आम्ही पाचवाला घेतोय बघून त्या नवऱ्याला इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि मग मराठीत, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "अरे, हे लोकपण फाइव्ह स्टार घेतायत. आपल्या किचनमध्ये थ्री कसा दिसेल?" त्यांनीही पाच स्टारवाला घेतला. विकणाऱ्यानं माझ्याकडं बघून हळूच हात जोडले. त्याचा माल खपला होता.

चाळीत बघणं झालं. सगळे जमले. फ्रिज अंगणाच्या मधोमध, उन्हात चकचकत उभा. आक्कांनी चष्मा पुसला, एक एक चांदणी मोजली, पुन्हा उलट मोजली. कोपऱ्यातल्या खोलीत एक भाऊ राहायचे, चाळीतला सगळा विनोद त्यांच्याकडं. ते ओरडले, "काय आक्का, पसंत हाय का मुलगी? उंच हाय, गोरी हाय!"

"गप ए," आक्का म्हणाल्या, पण हसल्या. "व्हय, पाच हायत." मग फ्रिजला हळदकुंकू लावलं आणि मागं सरकून वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई मोठा घेतला गं पोरी. दोघांना येवढा? असू दे. समद्यांच्या कामी यील."

मी मान डोलावली. मला काय माहीत, त्या एका वाक्यावर फ्रिज माझा राहणार नव्हता.

पहिल्यांदा आली ती समोरच्या खोलीतली ताई. लातूरकडची, मी आल्यापासून तिनंच मला इथलं सगळं शिकवलेलं. दुधाची पिशवी घेऊन आली. "एवढी ठेव की गं, नासायलीय." मग दुसरी कणीक घेऊन आली, तिसरी कोथिंबीर. कुणी सुके बोंबील ठेवले, त्याचा वास दुधाला लागला म्हणून दोघींची माझ्याच दारात भांडणं. कोपऱ्यातले भाऊ बर्फासाठी डबे लावून ठेवायचे आणि शिफ्टवरून आले की दार न वाजवता आत. दिवसभर दार उघड, दार लाव. मी भीत भीत म्हटलं, "सारखं उघडलं की वीज जास्त जाते म्हणतात." ताई खो खो हसली. "अगं, पाच स्टारचाय की! ह्येला काय लागतंय? उघडा ठिवला तरी चालतो." सगळ्या चाळीची तीच समजूत होती. पाच चांदण्या म्हणजे वीज खाणार नाही, कितीही कोंबा, कितीही उघडा.

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरंही वाटत होतं. त्याआधी आमच्या दारात कुणी उभं राहत नसे. माझ्या बोलण्यातल्या जीची नक्कल करायचे, लांबूनच. आता तेच लोक, "गोंदियावाली आहे का घरात?" म्हणत यायचे. मी डबी आत सरकवून त्यांच्या पातेल्यांना जागा करून द्यायची.

डबी सरकत सरकत पार मागं, बर्फाच्या कप्प्याला चिकटली. औषध गोठलं. सकाळी काढून ठेवलं की वितळून पहिल्यासारखं दिसायचं, म्हणून ना यांना कळलं, ना मला. गोठलेलं इन्सुलिन मेलेलं असतं हे मला नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेच मेलेलं औषध हे टोचून घेत राहिले. सारखी तहान, सारखं लघवीला. मग एका दुपारी प्रेससमोर यांचा तोल गेला. शेजारच्यानं कॉलर धरून मागं ओढलं म्हणून हात वाचला. ठेकेदार गेटवर आला आणि एवढंच म्हणाला, "एकदा झालं, सोडतो. परत झालं तर मला तोंड दाखवू नको."

त्याच संध्याकाळी मी फ्रिज रिकामा केला. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिलं. हात जोडून सांगितलं, "राग मानू नका जी, यांचं औषध खराब झालं. आता यात दुसरं काही नको." ताईनं दुधाचं पातेलं हातातून घेतलं आणि माझ्याकडं न बघता भिंतीला सांगितलं, "चांदण्या डोक्यात गेल्या गं बाई हिच्या."

आणि पाठोपाठ बिल आलं. उन्हाळ्याचं बिल, सगळ्यांचे पंखे दिवसरात्र फिरत होते, गॅस महागला म्हणून निम्म्या खोल्यांत विजेच्या शेगड्या आल्या होत्या. शेगडी पिशवीतून आणता येते, तिचं बघणं होत नसे. पण बिल वाढलं म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे आमच्या दाराकडं वळले. आक्कांनी सांगितलं, फ्रिज भाईर काढा.

दुसऱ्यांदा बघणं झालेला चाळीतला तो पहिलाच फ्रिज.

यावेळी कुणी हसत नव्हतं, म्हणजे सुरुवातीला नव्हतं. ताईच पुढं झाली. "आक्का, ह्या चांदण्या खऱ्या कशावरून वो? चिखलीच्या भंगारात असले कागद ढिगानं पडल्यात. जुन्या फ्रिजला चिकटवून आणला असंल."

"ताई, तुम्ही होतात ना खोकं फोडताना?" मी म्हटलं. "नवा होता की."

"मी खोकं बगितलं, कागद न्हाई बगितला."

"दुकानाची पावती दाखवतो," हे म्हणाले.

"पावती फ्रिजची असते राव," कोपऱ्यातले भाऊ म्हणाले, "चांदण्यांची कुठं असते?" आता मात्र सगळे हसले.

मी आक्कांसमोर बसले. त्या कागदाखालचा आकडा दाखवून दुकानातल्या पोरानं सांगितलेलं सगळं सांगायला लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा आवाज काढला, "व्हय जी, न्हाई जी, आकडा बघा जी." मला पुढचं आठवेना. पैलवान आणि पोर यांतलं कोण आधी, तेच उलटसुलट झालं. आक्का शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी नख लावून कागदाची कड उचलली. खालून दुसरं काही निघतंय का बघायचं होतं त्यांना. कागद नीट चिकटलेला होता, निघेना. त्यांनी ओढला तशी एक चांदणी फाटून नखात आली, मग दुसरी. खाली नुसता फ्रिजचा रंग.

"तीन ऱ्हायल्या," भाऊ म्हणाले. "आता तर नियमात पन बसत न्हाई."

त्या हसण्यात यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. हे म्हणत होते, "औषध आत आहे, लवकर लावू द्या, औषध आत आहे."

आक्कांनी निकाल दिला. त्यांच्या मते तो न्यायाचाच होता. त्यांच्या घराला वेगळा मीटर होता. फ्रिज त्यांच्या स्वयंपाकघरात लावायचा, म्हणजे किती वीज खातो ते कळेल. "तुजं औषीद ठिव की आत. आमी काय खाणार हाय का त्ये?" मी पाया पडले. दुसरं काय करणार होते? नियम मोडला म्हणून खोली खाली करा म्हणाल्या असत्या तर यांच्या आजारासकट कुठं गेलो असतो?

मग रोज सकाळी शिफ्टची बस यायच्या आधी मी आक्कांच्या दारात उभी. कधी पूजा चाललेली असायची, कधी त्यांची सून आंघोळीला. "थांब गं, दार उघडायला कुनाला तरी यिऊ दे." संध्याकाळी तेच. हे सुई हातात घेऊन खोलीत बसलेले असायचे आणि मी आक्कांच्या पायरीवर. आता त्यांचाच झालेला तो फ्रिज हळूहळू भरत गेला. आंबे आले, लोणी आलं, नातवाची थंड पेयं आली. एकदा सुनेनं डबी दाराच्या अंड्यांच्या खळग्यात ठेवलेली दिसली, गोठली नव्हती. मी तिचे आभार मानले.

चाळीचं पुढचं बिल आलं ते आधीपेक्षाही जास्त. फ्रिज तर आक्कांकडं. अंगणात सगळे बिलाच्या कागदाकडं बघत उभे. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, दोष फ्रिजचा नव्हता. भाऊ म्हणाले, "ह्यो फ्रिज जाताना मीटरला नजर लावून गेला बघा," आणि सगळे सुटल्यासारखे हसले आणि आपापल्या शेगड्यांकडं गेले. ताईसुद्धा. फ्रिज परत न्या असं कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही, आक्कांना वाईट वाटेल म्हणून.

मग ते लग्न आलं. आक्कांच्या भाच्याचं, आळंदीकडं. दुपारीच सगळं घर गाड्यांत बसून गेलं. मी तोवर एका कंपनीत पॅकिंगला जायला लागले होते, तिथून आले तर दाराला हे एवढं कुलूप. फोन लावला तर सनईच्या आवाजात आक्का म्हणाल्या, "आता काय व्हतंय एका येळंला? उद्या दुपारी येतोच आमी." गावातल्या मेडिकलवाल्याकडं तसली बाटली नव्हती, म्हणाला मागवतो, उद्या येईल. संध्याकाळची सुई चुकली. सकाळचीही चुकली. मी यांना म्हटलं, जाऊ नका. हे म्हणाले, "खाडा धरला तरी ठेकेदार काढणारच आहे. उभा तर राहतो." बसमध्ये चढताना यांनी दांडा दोन हातांनी धरला होता. माझे डोळे त्या हातांवरच होते.

लाइनवर हे उलट्या करत खाली बसले. कंपनीनं गाडी करून दवाखान्यात पोचवलं, तेवढं केलं. ठेकेदार तिथं आला नाही. त्यानं दुसऱ्याच्या हाती निरोप पाठवला, कार्ड जमा करा.

आक्का दवाखान्यात नारळपाणी घेऊन आल्या. रडल्या. खरंच रडल्या, मी बघितलं. "मला काय ठावं गं, येवढं असतंय म्हून." त्यांच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

हे बरे झाले, पण काम गेलं. चिखलीत स्वस्तातली खोली मिळतेय कळलं, वेगळ्या मीटरची. निघायच्या दिवशी आक्कांच्या सुनेनं फ्रिजमधलं सामान काढायला बराच वेळ लावला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात ताई धावत आली, मला वाटलं निरोपाला. "थांब गं, माझं दही हाय त्यात." आक्कांकडंही ठेवत होती तर. दही घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेली. आक्कांनी डिपॉझिट पुरतं परत दिलं, ओटी भरली. फाटक्या कागदाकडं बघून म्हणाल्या, "नव्या मालकाला सांग, पाच व्हत्या म्हून." मी वाकून नमस्कार केला.

चिखलीला टेम्पो थांबला. नवा मालक बाहेर आला. मला वाटलं, आता हा वाकेल, मोजेल, तीनच का म्हणून विचारेल. त्यानं फ्रिजकडं नजरही टाकली नाही. तो यांच्याकडं बघत होता. हे टेम्पोच्या मागच्या बाजूला बसलेले, मांडीवर औषधाची डबी धरून. दवाखान्यातून आल्यापासून गाल बसलेले, शर्ट अंगावर लोंबणारा. मालकानं यांना डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं, सावकाश, मग पुन्हा चपलेपासून वर.

"कामाला कोण जातं?"

"मी जाते जी. पॅकिंगला."

"आणि हे?"

हे काहीतरी बोलायला गेले. मी त्यांच्या आधी बोलले. "सध्या घरी आहेत."

"आजारी दिसतात."

मी यांच्याकडं बघितलं नाही. हे डबी शर्टाखाली सरकवत होते, तेवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. टेम्पोवाला दोरी सोडायची थांबला होता.

"उतरा जरा खाली," मालक यांना म्हणाला. "चालून दाखवा."

हे उतरले. दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. सरळ चालले. मी बघत होते, मालकही बघत होता. शेवटी त्यानं मान हलवली.

मी हात जोडले.